इंजिनवर चालणाऱ्या पंपाचे शाफ्ट सील आणि कपलिंग पुन्हा बसवताना

पंपाच्या शाफ्टजवळून पाणी गळू लागले की नवशिका फिटर बहुधा सरळ नवे सील (फिरत्या शाफ्टभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग) मागवतो, जुने काढून ते बसवतो आणि काम झाले असे समजतो. इंजिनवर चालणाऱ्या पंपाच्या बाबतीत हा हिशेब फार वेळा चुकतो. गळती दिसते सीलपाशी, पण तिचे मूळ पुष्कळदा कपलिंगच्या (इंजिन व पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) जुळणीत, इंजिनच्या पायाखालच्या शिममध्ये (उंची जुळवणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये) किंवा पाइपाने पंपावर टाकलेल्या ताणात असते. म्हणून सील आणि कपलिंग ही दोन वेगळी कामे न मानता एकाच कामाचे दोन टप्पे मानावेत, आणि ते कोणत्या क्रमाने करायचे हे हत्यार हातात घेण्यापूर्वीच ठरवावे, असे मी प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला सांगतो.

मुंबईत असे पंप प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतात. पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारख्या सखल भागांत पाणी उपसण्यासाठी डिझेल पंप लावले जातात. दुसरे ठिकाण म्हणजे उंच इमारतींच्या तळघरातील अग्निशमन पंपघर, जिथे वीज गेली तरी चालावा म्हणून एक पंप डिझेल इंजिनवर ठेवलेला असतो. दोन्ही पंप वर्षातला बराच काळ नुसते उभे असतात आणि वेळ आली की त्यांनी न थांबता चालावे अशी अपेक्षा असते. उभ्या पंपात रबर कडक होते, ग्लँडच्या दोरीखाली (शाफ्टभोवती गुंडाळून ग्लँड या झाकणाने दाबलेल्या दोरीखाली) स्लीव्हला (शाफ्टवरच्या बदलता येणाऱ्या नळीला) गंज चढतो आणि मेकॅनिकल सीलचे (एकमेकांवर टेकलेल्या दोन गुळगुळीत कड्यांच्या सीलचे) दोन चेहरे एकमेकांना चिकटतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा दिवशी पंप उघडून दुरुस्तीला बसायला कोणाला सवड नसते. हे काम एप्रिल-मेमध्येच, शांतपणे, उजेड असलेल्या जागी व्हायला हवे.

पुढील विवेचन १५०० आरपीएमचे डिझेल इंजिन आणि एंड-सक्शन सेंट्रिफ्युगल पंप (टोकाकडून पाणी ओढून फिरत्या चाकाने फेकणारा) एकाच बेस फ्रेमवर असून दोहोंमध्ये रबरी घटकाचे लवचीक कपलिंग आहे असे धरून केले आहे. जिथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तिथे पुस्तिकेचाच आकडा प्रमाण मानावा. इमारतीच्या अग्निशमन पंपाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार या यंत्रणेची देखभाल परवानाधारक अभिकरणाकडूनच करून घ्यावी लागते आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. त्यामुळे अशा पंपावर शिकाऊ माणसाने अभिकरणाच्या अनुभवी फिटरसोबतच काम करावे, आणि पंप बंद असल्याची लेखी सूचना सोसायटीला व सुरक्षारक्षकांना आधी द्यावी.

इंजिन खरोखर बंद करणे

विजेच्या मोटरचा फ्यूज काढला की ती सुरू होण्याची भीती संपते. इंजिनाचे तसे नाही. अग्निशमन पंपाचा पॅनेल ऑटोवर असेल तर लाइनमधला दाब उतरताच इंजिन आपोआप सुरू होते, आणि सील उघडण्यासाठी आपण नेमका तोच दाब उतरवणार असतो. म्हणून पहिल्यांदा पॅनेलचा स्विच ऑटोवरून ऑफवर आणावा, मग बॅटरीचे टर्मिनल सोडवावे, त्यातही ऋण टर्मिनल आधी. डिझेलचा कॉक बंद करावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. पॅनेलवर आपले नाव व तारीख लिहिलेली पाटी लावावी. एकाच इंजिनाला दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही सोडवाव्यात. एक सोडवून समाधान मानणारे लोक मी पाहिले आहेत.

त्यानंतर सक्शन व डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या केसिंगचा ड्रेन उघडावा आणि पाणी येणे पूर्ण थांबेपर्यंत ग्लँडच्या नटाला हात लावू नये. १०० मीटर उंच इमारतीच्या उभ्या पाइपातले पाणी तळाशी सुमारे १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब देते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तो सारा दाब सीलच्या मागे उभा असतो. ड्रेनमधून धार थांबत नसेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे असे समजावे आणि त्याची व्यवस्था आधी करावी.

सोडवतानाच्या खुणा आणि मापे

जोडणी चांगली होईल की नाही हे निम्मे सोडवतानाच ठरते. कपलिंगच्या दोन्ही हबवर (एकेका शाफ्टवर बसणाऱ्या अर्ध्या भागांवर) एका रेषेत पंचची खूण करावी. पिन-बुश कपलिंग असेल तर कोणती पिन कोणत्या भोकातली हेही क्रमांक टाकून ठेवावे, कारण पिना, नट आणि वायसर यांची वजने जुळवून बसवलेली असू शकतात आणि त्यांची अदलाबदल झाली तर थरथर वाढते. दोन शाफ्टांच्या टोकांमधील अंतर, दोन हबमधील फट, आणि इंजिनच्या प्रत्येक पायाखाली किती जाडीच्या किती शिम होत्या, हे सगळे कागदावर उतरवावे. प्रत्येक पायाच्या शिम वेगळ्या तारेत ओवून त्यांना पायाचा क्रमांक लावावा. मोबाइलवर फोटो काढणे उपयोगाचे आहेच, पण फोटोत ०.२० आणि ०.२५ मिलिमीटरचा फरक दिसत नाही.

जुनी जुळणी कितीही वाईट असली तरी सोडवण्यापूर्वी डायल गेज (मिलिमीटरचा शतांश फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावून तिची नोंद घ्यावी. सील का गेले याचे उत्तर अनेकदा त्या नोंदीतच सापडते. बोल्ट सुटले की तो पुरावा कायमचा जातो.

शाफ्ट, स्लीव्ह आणि बेअरिंग

नव्या सीलचा डबा उघडण्याआधी शाफ्टची परीक्षा घ्यावी. सीलच्या जागेवर डायल गेजचे टोक टेकवून शाफ्ट हाताने सावकाश पूर्ण फिरवावा. काटा एकूण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा स्लीव्ह नीट बसलेली नाही. मग शाफ्टचे टोक हाताने वर उचलून आणि खाली दाबून बेअरिंगमधला खेळ पाहावा, तसेच शाफ्ट पुढे-मागे ढकलून आडवा खेळही पाहावा. बेअरिंग ढिले असेल तर आधी बेअरिंग बदलावे. ढिल्या बेअरिंगवर नवे सील बसवणे म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात घालणे होय.

स्लीव्हवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर ती बदलावी. पॉलिश पेपरने घासून चर जात नाही, उलट स्लीव्ह त्या जागी बारीक होते. मुंबईत हे जास्त काटेकोरपणे पाहावे लागते, कारण भरतीच्या वेळी नाल्यांत खाडीचे पाणी मिसळते आणि खारे पाणी व गाळ मिळून साध्या पोलादाची स्लीव्ह लवकर खातात. स्टेनलेस स्टीलची किंवा कठीण लेप दिलेली स्लीव्ह महाग पडली तरी अशा पंपात तीच घ्यावी.

ग्लँड पॅकिंग असेल तर

अजूनही पाणी उपसणाऱ्या अनेक पंपांत ग्लँडची दोरीच असते. गाळाच्या पाण्यासाठी ती वाईट निवड मुळीच नाही, कारण ती एकदम दगा देत नाही आणि पंप न उघडता बदलता येते. जुन्या पंपातली दोरी ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता असते. ती कोरडी ओरबाडू नये, ओली करून, मास्क लावून काढावी आणि वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी. हुकाने जुन्या सगळ्या कड्या बाहेर काढाव्यात. वरच्या दोन काढून त्यांच्या जागी दोन नव्या कोंबण्याची पद्धत रूढ आहे, पण खालच्या कडक झालेल्या कड्या तशाच राहिल्या की नव्या कड्यांवर सारा भार येतो आणि त्या जळतात.

दोरीचा आकार दुकानदाराला विचारून ठरवू नये, मोजून ठरवावा. स्टफिंग बॉक्सच्या (दोरी बसते त्या पोकळीच्या) आतल्या व्यासातून स्लीव्हचा व्यास वजा करून त्याला दोनाने भागावे. बॉक्स ७० मिलिमीटर आणि स्लीव्ह ५० मिलिमीटर असेल तर दोरी १० मिलिमीटरची लागते. नागदेवी स्ट्रीटवर दोरी, बेअरिंग, सील, ओ-रिंग असे सगळे एका फेरीत मिळते. तिथे जाताना जुना नमुना आणि लिहिलेली मापे दोन्ही सोबत न्यावीत, कारण दाबून चपटा झालेला नमुना खरे माप सांगत नाही.

कड्या कापण्यासाठी स्लीव्हच्याच व्यासाच्या गोल दांड्यावर दोरी घट्ट न ओढता गुंडाळावी आणि धारदार पात्याने कापावी. दोरी हातात ताणून कापली तर कडी आखूड पडते, टोके जुळत नाहीत आणि त्या फटीतून पाणी सरळ वाट काढते. पहिली कडी शाफ्टवर घालून टोके नेमकी भिडतात याची खात्री करावी आणि मग तिच्याच मापाने बाकीच्या कापाव्यात. कडी शाफ्टवर चढवताना ती सरळ उघडू नये. दोन टोके एकमेकांपासून आडवी, पिळल्यासारखी दूर करून चढवावी, म्हणजे तिची वीण तुटत नाही. प्रत्येक कडी स्वतंत्रपणे लाकडी किंवा पितळी नळकांड्याने तळापर्यंत बसवावी आणि पुढच्या कडीचा जोड आधीच्या जोडापासून ९० अंशांवर ठेवावा.

लँटर्न रिंग (दोरीच्या कड्यांमध्ये बसणारी, पाणी वाटणारी छिद्रांची कडी) असेल तर ती नेमकी पाण्याच्या छिद्रासमोर आली पाहिजे. तिच्या मागे किती कड्या होत्या ते सोडवताना मोजलेले असेल तर इथे शंका उरत नाही. ग्लँड दाबला की ती थोडी आत सरकते, म्हणून तिची बाहेरची कड छिद्राच्या किंचित बाहेर ठेवावी. शेवटी ग्लँड सरळ, दोन्ही बाजूंना सारखा बसवून नट फक्त हाताने आवळावेत. खरा आवळ पंप चालू झाल्यावरच द्यायचा असतो.

मेकॅनिकल सील असेल तर

इथे स्वच्छतेला दुसरा पर्याय नाही. सीलचे दोन चेहरे आरशासारखे घासलेले असतात, त्यांची सपाटी प्रकाशाच्या पट्ट्यांनी मोजतात आणि अशी एक पट्टी सुमारे ०.२९ मायक्रॉनची असते. बोटाचा तेलकट ठसा किंवा कॉटन वेस्टचा एक धागा त्यापेक्षा कितीतरी जाड असतो. जुन्या चिंध्या आणि ग्राइंडर चालू असलेले टेबल यांपासून दूर, स्वच्छ कागद अंथरून, हात धुऊन हे काम करावे. चेहरे डब्यातून काढावेत ते थेट बसवण्यासाठीच. पुसायचे असतील तर धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

बसवण्यापूर्वी शाफ्टच्या पायऱ्यांवर आणि चावीच्या (हब व शाफ्टला एकत्र फिरवणाऱ्या पाचरीच्या) खाचेच्या कडांवर बोट फिरवून पाहावे. कड बोचत असेल तर ती ओ-रिंगला नक्की कापणार. बारीक कानसने ती मोडावी आणि खाचेवर टेप लावून मगच सील सरकवावे. ओ-रिंगला लावण्याच्या वंगणातही चूक होते. ईपीडीएम रबराला खनिज तेल किंवा ग्रीस लागले की ते फुगते. त्याला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे. नायट्राइल आणि व्हिटॉनला तेल चालते. कोणते रबर आहे ते नक्की कळत नसेल तर साबणाच्या पाण्याने भागते. गाळमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपासाठी कार्बनच्या चेहऱ्याऐवजी दोन्ही चेहरे सिलिकॉन कार्बाइडचे असलेले सील घ्यावे, कारण वाळूचे कण मऊ कार्बन खरवडून काढतात.

स्थिर सीट तिच्या जागी अंगठ्यांच्या समान दाबाने बसवावी. हातोडा वापरू नये, आणि अडवणारी पिन सीटच्या खाचेत बसली आहे याची खात्री केल्याशिवाय दाब देऊ नये. फिरत्या भागासाठी काम करणारी लांबी महत्त्वाची असते. स्टफिंग बॉक्सच्या तोंडाची रेषा स्लीव्हवर निळ्या रंगावर कोरावी, तिथपासून ड्रॉइंगमधील अंतर मोजावे आणि त्या जागी सीलची कॉलर धरून तिचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. स्प्रिंग जास्त दाबली गेली तर चेहरे तापून झिजतात, कमी दाबली गेली तर ते उघडतात.

काही सीलांत एकच मोठी शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते आणि ती एकाच दिशेने फिरण्यासाठी गुंडाळलेली असते. बहुतेक डिझेल इंजिने फ्लायव्हीलच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणजे कपलिंगकडून पंपाकडे पाहिल्यास पंप काट्यांच्या दिशेने फिरतो. केसिंगवरचा बाण पाहून त्या दिशेला आवळली जाणारी स्प्रिंग निवडावी. उलटी स्प्रिंग चालताना शाफ्टवर सैल होते आणि चेहरा फिरायचा थांबतो. कार्ट्रिज सील असेल तर ही सारी मापे कारखान्यातच बसवून येतात, पण त्याच्या मधल्या क्लिपा शाफ्टची पुढे-मागेची जागा आणि कपलिंग पक्के होईपर्यंत काढू नयेत, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी काढायला विसरू नयेत.

केसिंग, गॅस्केट आणि इंपेलर पुस्तिकेप्रमाणे बसवून झाले की कपलिंग जोडण्याआधीच पंपात पाणी भरावे आणि शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून सीलपाशी बोट लावून पाहावे. गळती असेल तर ती या टप्प्यावर सापडलेली परवडते.

कपलिंगचे हब

हब शाफ्टवर ठोकून बसवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि नुकत्याच बसवलेल्या सीलच्या चेहऱ्यांवर जातो. घट्ट बसणारा हब तेलाच्या कढईत किंवा इंडक्शन हीटरवर साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा, रबरी घटक आधी काढून ठेवावा, आणि हब एका दमात शाफ्टच्या ठरलेल्या खुणेपर्यंत सरकवावा. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नये. चावी दोन्ही बाजूंना घट्ट आणि माथ्यावर किंचित मोकळी असावी. माथ्यावर दाटणारी चावी हबला एका बाजूला ढकलते आणि मग डायल गेज कितीही वेळ लावले तरी काटा स्थिर होत नाही.

रबरी बुश, स्पायडर किंवा टायर हे सगळे नवे आणि एकाच संचातले घालावेत. इंजिनाचा जोर प्रत्येक स्फोटाबरोबर धक्क्याधक्क्याने येतो, म्हणून मोटरच्या पंपावरचे तेवढ्याच अश्वशक्तीचे कपलिंग इंजिनवर चालेल असे धरू नये. कपलिंगच्या तक्त्यात इंजिनासाठी वेगळा गुणांक दिलेला असतो, तो पाहूनच निवड करावी.

जुळणी

हा भाग सावकाश वाचावा. रबरी कपलिंगच्या माहितीपत्रकात ते एखादा मिलिमीटर फरक सहन करते असे लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर विसंबून पुष्कळ जण पट्टी टेकवून डोळ्यांनी जुळणी करतात. तो आकडा कपलिंगच्या रबराचा आहे, सीलचा नव्हे. शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंग प्रत्येक फेऱ्यात पंपाचा शाफ्ट बाजूला ओढते. १५०० आरपीएमला ही ओढ सेकंदाला २५ वेळा बसते, आणि सीलच्या चेहऱ्यांना तितक्या वेळा मागेपुढे होऊन एकमेकांना धरून ठेवावे लागते. या वेगाच्या संचासाठी चालू, गरम स्थितीतला मध्यरेषांचा फरक ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत आणावा.

पंप पाइपाला जोडलेला असल्याने तो स्थिर धरतात आणि इंजिन हलवतात. पहिली तपासणी लंगड्या पायाची. चारही पायांचे बोल्ट आवळून एकेक सैल करावा आणि त्या पायावर लावलेल्या डायलचा काटा पाहावा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर त्याखाली तेवढी शिम घालावी. हे केल्याशिवाय पुढची सगळी मापे दर वेळी बदलत राहतात. शिम स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, कारण मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत साध्या पत्र्याच्या शिम गंजून फुगतात. एका पायाखाली पातळ शिमांची चळत करू नये. जाड एक-दोन आणि पातळ एक-दोन, एवढ्यात भागवावे.

आता डायल गेजचा दांडा पंपाच्या हबवर बांधून टोक इंजिनच्या हबच्या परिघावर टेकवावे, वरच्या स्थितीत शून्य करावे आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवून चारही बाजूंची मापे घ्यावीत. इंजिन स्टार्टरने फिरवू नये. फ्लायव्हीलच्या दात्यांवर फिरवण्याचे हत्यार लावून किंवा डीकॉम्प्रेशनची तरफ असेल तर ती उचलून हाताने फिरवावे. कॉम्प्रेशनवर आलेले इंजिन उलटा झटका देते, म्हणून हत्यार सोडून बाजूला होऊ नये आणि माप नेहमी एकाच दिशेने फिरवत घ्यावे. डाव्या व उजव्या मापांची बेरीज वरच्या व खालच्या मापांच्या बेरजेइतकी आली तर मापे विश्वासार्ह आहेत. दांडा स्वतःच्या वजनाने वाकतो, तोही हिशेबात धरावा. सरळ पाइपावर तोच दांडा बांधून पाहिल्यावर खाली −०.०६ दिसत असेल आणि पंपावर +०.३४ दिसत असेल तर खरे माप +०.४० होय.

या +०.४० चा अर्थ काय? परिघावरचे माप प्रत्यक्ष फरकाच्या दुप्पट येते, म्हणून इंजिनची मध्यरेषा पंपापेक्षा ०.२० मिलिमीटर खाली आहे. नवा माणूस इथे लगेच ०.२० ची शिम घालून काटा शून्यावर आणतो आणि इथेच इंजिनच्या पंपाचे सील मरते. इंजिन चालून तापले की त्याचे बीड प्रसरण पावते. पायापासून क्रँकशाफ्टच्या मध्यापर्यंत उंची ४०० मिलिमीटर असेल, तापमान ४५ अंशांनी वाढत असेल आणि बिडाचे प्रसरण दर मीटरला दर अंशाला ०.०११ मिलिमीटर धरले, तर मध्यरेषा ०.४ × ४५ × ०.०११ म्हणजे सुमारे ०.२० मिलिमीटर वर येते. गार पाणी ओढणारा पंप मात्र जवळपास जागच्या जागी राहतो. म्हणजे वरच्या उदाहरणातले इंजिन गार असताना ०.२० खाली असणे हीच योग्य जुळणी आहे. इंजिनच्या पुस्तिकेत हा आकडा दिला असेल तर तो घ्यावा, नसेल तर असा हिशेब करावा आणि तो पॅनेलच्या आत चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढचा फिटर तो घालवणार नाही.

कोनाची जुळणी दोन हबमधील फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजून पाहावी. त्याआधी क्रँकशाफ्ट दर वेळी एकाच दिशेला दाबून घ्यावा, नाहीतर त्याचा आडवा खेळ मापात मिसळतो. समजा, हबचा व्यास २०० मिलिमीटर आहे आणि वरची फट खालच्यापेक्षा ०.१० मिलिमीटर जास्त आहे; तर इंजिनचा मागचा भाग खाली झुकलेला आहे. पुढचा पाय कपलिंगपासून ३०० मिलिमीटरवर असेल तर त्याखाली ३०० ÷ २०० × ०.१० म्हणजे ०.१५, आणि मागचा पाय ९०० मिलिमीटरवर असेल तर त्याखाली ०.४५ मिलिमीटर शिम लागेल. उभी जुळणी झाल्यावर आडवी करावी. इंजिन सरकवण्यासाठी बेस फ्रेमवरचे जॅक बोल्ट वापरावेत, पहारीने उचकटू नये. प्रत्येक बदलानंतर बोल्ट पूर्ण आवळूनच माप घ्यावे.

पाइपाचा ताण

जुळणी झाली की डायल गेज तसेच ठेवून सक्शन आणि डिलिव्हरीच्या फ्लँजचे बोल्ट सैल करावेत. फ्लँज एकमेकांपासून दूर किंवा तिरपे होत असतील, किंवा बोल्ट आवळताना काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर पाइप पंपाला ओढतो आहे. अशा वेळी पाइपाचा आधार सुधारावा. पंप ओढून पाइपाला जुळवणे हा उपाय सोपा वाटतो, पण त्याने वाकलेल्या केसिंगमध्ये सील कधीच सरळ बसत नाही. वरळी, प्रभादेवीकडच्या पंपघरांत जागा इतकी अपुरी असते की पाइपाचे आधार पुष्कळदा नंतर कुठेतरी ठोकलेले असतात. ते एकेक हलवून पाहावेत.

पहिली सुरुवात

कपलिंगचे गार्ड बसवल्याशिवाय बॅटरी जोडू नये. सक्शन पूर्ण उघडून पंपात पाणी भरावे आणि केसिंगमधली हवा काढावी, कारण मेकॅनिकल सीलच्या चेहऱ्यांना चालताना पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो आणि कोरडे सील मिनिटाभरातही जळू शकते. इंजिन सुरू करून प्रथम कमी वेगावर ठेवावे, आवाज व थरथर पाहावी आणि मग वेग वाढवावा.

ग्लँड पॅकिंग असेल तर सुरुवातीला पाण्याची बारीक धार येऊ द्यावी. दोरी शाफ्टला जुळून येण्यासाठी तिला पाणी हवे असते. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट षटकोनाच्या एकेका बाजूइतके, सारखे आवळावेत, पुन्हा तेवढेच थांबावे आणि असे करत मिनिटाला ४० ते ६० थेंबांवर आणून सोडावे. पूर्ण कोरडा ग्लँड पाहून साहेब खूश होतात, पण त्या ग्लँडखाली स्लीव्ह जळत असते, हे त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. मेकॅनिकल सीलमधून पहिल्या काही मिनिटांत थोडे पाणी आले तर घाबरू नये; चेहरे जुळले की ते थांबते. अर्ध्या तासानंतरही थांबले नाही तर पंप बंद करून आधी जुळणीची मापे पुन्हा घ्यावीत आणि मगच सील उघडावे.

इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे पाण्याचे तापमान स्थिर झाल्यानंतरही काही वेळ, पंप चालवावा. मग बंद करून, पॅनेल पुन्हा ऑफवर आणि बॅटरी पुन्हा सोडवून, गार्ड काढावे आणि इंजिन गार होण्यापूर्वी डायल गेज लावावे. गरम हबला हात लागणार नाही याची काळजी घेत ही मापे घाईने पण नीट घ्यावीत. आता काटा शून्याच्या जवळ आला पाहिजे. आला नाही तर जेवढा फरक उरला त्याच्या निम्म्याने शिम बदलावी आणि गार स्थितीतला नवा आकडा नोंदवून ठेवावा. पहिल्या काही तासांच्या चालीनंतर इंजिनच्या पायांचे आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा तपासावेत, रबरी बुशांची काळी भुकटी गार्डखाली पडते आहे का ते पाहावे, आणि पॅनेल ऑटोवर आणून सुरक्षारक्षकाच्या वहीत वेळेसह तशी नोंद करावी.